दह्याच्या मंत्रात घोडा कुठून आला? (मंत्रांचा अर्थ आणि आपली पूजा)

माजघर

घरची पूजा सासऱ्यांकडून माझ्याकडे आली, सोबत त्यांची पोथीही आली. शिवण उसवलेली, समासात त्यांच्या अक्षरातल्या खुणा: इथे पळीभर पाणी, इथे घंटा. रोजची पूजा पाच उपचारांची, सणावारी षोडशोपचार आणि पंचामृत. मंत्र हळूहळू तोंडात बसले. मग पंचामृताच्या ऋचांचे अर्थ तरी बघावेत म्हणून ऋग्वेदाचं मराठी भाषांतर उघडलं आणि तिथेच अडकले.

दह्याच्या स्नानाला आपण 'दधिक्राव्णो अकारिषम्' म्हणतो. ही चौथ्या मंडलातली ऋचा (४.३९.६). अर्थ साधारण असा: दधिक्रावा नावाच्या विजयी, वेगवान घोड्याची मी स्तुती केली, तो आमची तोंडं सुगंधी करो, आमचं आयुष्य वाढवो. दह्याचा पत्ताच नाही. घोडा आहे!

म्हणजे मी देवावर दही घालताना घोड्याची स्तुती म्हणतेय आणि बाकीचे हात जोडून ऐकताहेत. शब्दांचा आणि हातातल्या कामाचा संबंधच नसेल, तर हे म्हणायचं कशासाठी? सरळ मराठीत 'देवा, हे दही घे' म्हटलं तर काय बिघडतं? जाणकारांनी लिहावं. 'श्रद्धा असली की असले प्रश्न पडत नाहीत' छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरात मुबलक मिळतात.

भोळासांब

देव भावाचा भुकेला, ताई. लहानपणी शुभंकरोति अर्थ कळून म्हणत होतो का आपण? 'दीपज्योती नमोऽस्तुते'चं 'दीपक जोशी नमोस्तुते' करणाऱ्या पोरांवर देव रागावला असं ऐकिवात नाही. म्हणत राहा.

माजघर

दीपक जोशी आमच्याकडेही येऊन गेलेत. :) पण भावच पुरत असेल तर संस्कृतच हवं हा हट्टही सोडायला हवा की. तो का सुटत नाही?

तळटीप

प्रतिसाद लांबणार आहे, आधीच सांगतो.

कोणता मंत्र कोणत्या कर्माला वापरायचा, याला विनियोग म्हणतात. ऋचा आधीची, विनियोग नंतरचा. सूक्त रचणाऱ्या ऋषीपुढे तुमचं पंचामृताचं तबक नव्हतं. पुढे सूत्रकारांनी आणि पद्धती लिहिणाऱ्यांनी कर्मं बांधली आणि त्यांना साजेशा ऋचा निवडल्या. साजेशा म्हणजे कधी अर्थाने, कधी देवतेने, तर कधी नुसत्या कानाला. मधाला 'मधु वाता ऋतायते' (१.९०.६) आणि तुपाला 'घृतं मिमिक्षे' (२.३.११), इथे शब्द आणि पदार्थ सरळ जुळतात. दुधाची 'आप्यायस्व समेतु ते' (१.९१.१६) आणि साखरेची 'स्वादुः पवस्व' (९.८५.६) या दोन्ही मुळात सोमाच्या. पण 'भरून ये' आणि 'गोड होऊन वाहा' हे दूध-साखरेलाही चालून जातं. दह्याच्या बाबतीत मात्र 'दधि' ही दोन अक्षरं कानावर पडली एवढ्यावर घोड्याची नेमणूक झाली.

हे एकटं उदाहरण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रहांचे मंत्र दिलेत. शनीला 'शं नो देवीरभिष्टये', ही ऋचा मुळात पाण्याची (ऋ. १०.९.४). बुधाला 'उद्बुध्यस्व', ते अग्नीला 'जागा हो' म्हणणं आहे. केतूला 'केतुं कृण्वन्'. आणि ज्याने प्रत्येक पूजा सुरू होते ते 'गणानां त्वा गणपतिं हवामहे' (२.२३.१) ब्रह्मणस्पतीच्या सूक्तातलं.

आता याला अडाणीपणा म्हणायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. ज्यांनी हे विनियोग ठरवले त्यांचं संस्कृत तुमच्याआमच्यापेक्षा बरंच चांगलं होतं. दधिक्रावा हा घोडा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीही त्यांनी तो दह्यापाशी आणला, कारण नाद जुळणं हासुद्धा त्यांच्या लेखी खरा दुवा होता. तो दुवा आपल्याला पटो न पटो, त्यांनी डोळे मिटून काही केलेलं नाही.

आणखी एक. षोडशोपचार पूजेत पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना वाटलेल्या आहेत. दिवा दाखवताना 'ब्राह्मणोऽस्य मुखमासीत्' येतं, नैवेद्याला 'चन्द्रमा मनसो जातः'. एकेका ऋचेला एकेक उपचार जुळवत बसलात तर हाती काही लागणार नाही. ज्याच्या यज्ञातून सगळी सृष्टी झाली तो हजार मस्तकांचा पुरुष एका वितीएवढ्या मूर्तीत बोलवायचा आणि सोळा पायऱ्यांनी त्याची सरबराई करायची, असा तो सगळा मिळून अर्थ आहे. तो ऋचा सुट्या केल्या की दिसत नाही.

निःशंक

थोडक्यात, अर्थ नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत. :) फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने १९७५ साली केरळातल्या पांजाळ गावी नंबूद्री ब्राह्मणांनी केलेला अग्निचयन हा वैदिक यज्ञ चित्रित करून घेतला आणि पुढे आयुष्यभर हेच मांडलं: विधीला आणि मंत्राला नियम असतात, अर्थ नसतो. मंत्र हा बोलण्यापेक्षा पाखरांच्या गाण्याला जवळचा. माजघर यांचा घोडा त्याला नक्की आवडला असता.

तळटीप

स्टालच्या किती तरी आधी हे म्हणणारा माणूस आपल्याकडेच होऊन गेला. कौत्स. त्याचं मत यास्काने निरुक्ताच्या, म्हणजे वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या त्याच्या ग्रंथाच्या, पहिल्याच अध्यायात नोंदवलंय: 'अनर्थका हि मन्त्राः'. कौत्साचे मुद्दे बघा किती आजचे वाटतात. मंत्रातले शब्द बदलता येत नाहीत, क्रम हलवता येत नाही. अशी कुठे भाषा असते का? कुऱ्हाड मारतानाच कुऱ्हाडीला म्हणायचं, 'याला दुखवू नकोस'. एकीकडे रुद्र एकच, दुसरा नाही. दुसरीकडे पृथ्वीवर हजारो रुद्र. आणि 'अम्यक्', 'जारयायि', 'काणुका' असले शब्द, ज्यांचा अर्थ कोणालाच धड लागत नाही.

यास्काने एकेक मुद्दा खोडला. ठरलेला क्रम रोजच्या भाषेतही असतोच, 'पितापुत्र' म्हणतो, उलट म्हणत नाही. न कळणाऱ्या शब्दांवरचं त्याचं उत्तर तर चांगलंच झणझणीत आहे: आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. आणि पुढे अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्यालाही सोडलेलं नाही. तो म्हणजे ओझं वाहणारा नुसता खांब. समजून न घेता घोकलेलं कधी पेटत नाही, विस्तवच नसेल तिथे वाळकी लाकडं पडून राहावीत तसं.

स्टालला उत्तर म्हणून मला एक जुनी गोष्ट पुरते. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. आहुती देताना तो 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व' म्हणाला, पण उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटच्या अक्षरावर द्यायचा तो पहिल्यावर दिला. समास बदलला, 'इंद्राचा घातक' ऐवजी 'इंद्र ज्याचा घातक' असा अर्थ झाला आणि तो मुलगा, वृत्र, इंद्राकडून मारला गेला. ही गोष्ट स्वर चुकू नयेत म्हणून सांगतात. पण तिच्यात गृहीत काय धरलंय बघा. स्वर चुकला की अर्थ उलटतो. मुळात अर्थच नसता तर उलटलं काय असतं?

कानामात्रा

उच्चारांचा विषय निघालाच आहे तर माझे दोन पैसे. संस्कृत शिकवते, त्यामुळे कान जरा वाईट आहेत.

पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार दिलेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दबक्या गळ्याचा. अर्थ न कळणं हे डोकं हलवण्याच्या पंगतीला बसवलंय याची गंमत वाटते. सध्या ध्वनिमुद्रिका लावून चालीवर अथर्वशीर्ष म्हणायची पद्धत आहे, ती पहिल्याच दोषात बसते. :)

मराठी तोंडाच्या खोडी वेगळ्या. सगळ्यात मोठी म्हणजे शेवटचा अ गिळणं. 'निर्विघ्नं कुरु मे देव' यात आठ अक्षरं आहेत. आपण मराठीत 'देव' म्हणतो तसं 'देव्' म्हटलं की सात उरतात आणि चरण लंगडा होतो. च नेहमी 'चहा'तला, 'चमच्या'तला नाही. 'संहिता'चं 'संव्हिता' करू नये. ज्ञ आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीभाषक 'ग्य' म्हणतात, मूळ ज् आणि ञ. ऋ आपला 'रु'कडे झुकतो, त्यांचा 'रि'कडे. या शेवटच्या दोघांवरून भांडू नये, दोघांचंही चुकतंय.

गायत्रीबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून लिहिते. ती तीन चरणांची, विश्वामित्रांची, सवित्याची ऋचा (३.६२.१०). श्वास चरणापाशी घ्यायचा: 'वरेण्यं'नंतर, 'धीमहि'नंतर. बरेच जण 'भर्गो' मागच्या चरणाला जोडतात आणि 'देवस्य' एकटा पडतो. पहिल्या चरणात मोजून सातच अक्षरं भरतात. म्हणून छंदाच्या हिशेबाला 'वरेणियं' धरतात, पण म्हणताना 'वरेण्यं'च म्हणायचं. मागणं काय आहे? आमच्या बुद्धींना चालना दे. 'माझ्या' नाही, 'आमच्या'. एकट्याने बसून म्हणायच्या मंत्रात हे अनेकवचन मला फार आवडतं.

सातासमुद्रापार

आमच्या गुरुजींनी पुरुषसूक्तात 'सहस्रशीर्खा पुरुखः' म्हटलं. मी दुरुस्त करायला गेलो तर बायकोने डोळे वटारले. कोण बरोबर?

कानामात्रा

बायको. :) ते शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेचे असणार. त्यांच्या परंपरेत ष चा ख आणि शब्दाच्या सुरुवातीच्या य चा ज म्हणतात. ती चूक नाही, शाखेचा उच्चार आहे. तसाच ऋग्वेद्यांचा ळ. 'अग्निमीळे पुरोहितम्' या पहिल्याच ऋचेत तो आहे. दोन स्वरांमध्ये ड आला की शाकल शाखेत ळ होतो.

सातासमुद्रापार

धन्यवाद, मंडळ आभारी आहे. अजून एक. एका मित्राने पाठवलंय की संस्कृत मंत्रांच्या कंपनांनी मेंदूच्या पेशी जाग्या होतात आणि नासाने सूर्यावर ॐ ध्वनी मुद्रित केला. यात तथ्य किती?

निःशंक

नासावालं सोडून द्या, ते दर गुढीपाडव्याला उगवतं. जपाबद्दलचा एक अभ्यास मात्र खरा आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा. २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली, एकदा 'ॐ मणिपद्मे'चा जप. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. नीट वाचा: दोन्ही वेळा. म्हणजे गुण संथ श्वासाचा आहे, संस्कृतचा नाही. कंपनवाल्यांना हा अभ्यास पाठवला की ते आधी खूश होतात, मग गप्प होतात.

इंद्रायणी

सगळं विद्वत्तापूर्ण चाललंय, पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही. हे मंत्र म्हणू कोणाला दिले? अर्थ कळण्याची गोष्ट नंतरची. छत्रपती शाहू महाराजांच्या पंचगंगेवरच्या स्नानाला भटजी वेदोक्त सोडून पुराणोक्त मंत्र म्हणत होते, हे १८९९ सालचं प्रकरण. राजालाही वेदमंत्र नाही! फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली ती उगाच नव्हे. ज्यांना ऐकूच दिलं नाही त्यांना 'अर्थ न जाणणारा अधम पाठक' म्हणायचं का?

तळटीप यांनी यास्काचा ओझेवाला खांब सांगितला. आमच्या तुकोबांनी तेच मराठीत ठणकावून सांगितलंय: 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वाहावा भार माथां'. फरक एवढाच की तुकोबा हे वेदाच्या दाराबाहेर उभं राहून म्हणतायत.

भोळासांब

झालं, जात आलीच शेवटी धाग्यावर.

इंद्रायणी

आणली नाही, होतीच. तुम्हाला दिसली आत्ता.

माजघर

भांडू नका, पण इंद्रायणी यांचा मुद्दा माझ्यापर्यंत येतो म्हणून विचारते. 'बायकांनी ॐ म्हणू नये, गायत्री तर नाहीच' हे मला पूजा हाती घेतल्यापासून निरनिराळ्या नातेवाइकांनी ऐकवलंय. याला आधार काय?

तळटीप

इंद्रायणी, तुकोबांचा भार आणि निरुक्तातला भार इतके शेजारी-शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते. नोंद केली.

माजघर, निषेधाची वचनं धर्मशास्त्रात आहेत, ती नाहीत असं म्हणणं खोटं होईल. मात्र ऋग्वेदात घोषा, अपाला, विश्ववारा यांच्या नावावर सूक्तं आहेत हेही तितकंच खरं. सप्तशतीच्या पाठासोबत जे देवीसूक्त म्हणतात (१०.१२५), 'अहं रुद्रेभिर्वसुभिश्चरामि', त्याची द्रष्टी वाक् आम्भृणी. म्हणजे बाईच्या नावावरचा मंत्र बाईने म्हणू नये, अशी परिस्थिती. बाकी तुम्हीच ठरवा.

संपादक

धाग्यावर मंत्रांचा अर्थ आणि पठण यावरच चर्चा व्हावी. अधिकाराचा मुद्दा विषयाला धरून असल्याने ठेवला आहे, वैयक्तिक टोमणे उडवले आहेत.

पळीपंचपात्र

चार दिवस बाहेरगावी होतो, मांडव-मुहूर्त. आत्ता सगळं वाचलं. मी याच व्यवसायात आहे, तेव्हा जमिनीवरचं लिहितो.

बायकांचं म्हणाल तर ऋषिपंचमीला पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर पहाटे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, ज्ञानप्रबोधिनी बायकांना पौरोहित्य शिकवते आणि तिथले पुरोहित प्रत्येक टप्प्याला मराठीत अर्थ सांगतात. माझ्या काही स्नेह्यांना हे रुचत नाही. मला स्वतःला त्यांचा अर्थ सांगण्याचा भाग हेवा वाटावा इतका आवडतो, कारण माझे यजमान दोन मिनिटं ऐकतात आणि मग 'गुरुजी, प्रसादाचं किती वाजता?' असं विचारतात.

चुकण्याची भीती फार मनावर घेऊ नका. इंद्रशत्रूची गोष्ट यज्ञातली, तिथे स्वरांना पर्याय नाही. आपल्या घरच्या पूजेने ती भीती स्वतःच काढून टाकलीय. शेवटी काय म्हणतो आपण? 'आवाहनं न जानामि, न जानामि तवार्चनम्'. मला बोलावता येत नाही, पूजा येत नाही. आणि 'मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर'. मंत्र, क्रिया, भक्ती, तिन्ही कमी पडलं असं कबूल करून 'ते पुरं करून घे' म्हणायचं. हे श्लोक सगळे उरकतात, कारण तोवर आरतीचं तबक पेटलेलं असतं. खरं म्हणजे ते सावकाश म्हणायचे.

आता माजघर यांच्या मूळ प्रश्नावर. तुम्ही दह्यापाशी अडलात, पण अडायला हवं होतं त्याच्या खूप आधी, संकल्पापाशी. ऋचा ऋषींच्या. त्यात तुम्हाला एक काना बदलता येत नाही. अख्ख्या पूजेत तुमचं स्वतःचं असं वाक्य एकच असतं, ते संकल्प. मी कोण, कुठे बसलोय, कधी, कशासाठी काय करणार आहे. त्याचा अर्थ कळत नसेल तर पूजा कोणाच्या वतीने चाललीय हेच कळत नाही.

आणि नेमकं तेच वाक्य लोक सर्वांत बेफिकिरीने म्हणतात. पोथीत रिकाम्या जागी 'अमुकतिथौ अमुकवासरे अमुकगोत्रोत्पन्नः' छापलेलं असतं. 'अमुक'च्या जागी आपली माहिती घालायची असते. मी भरल्या घरात यजमानांना खणखणीत आवाजात 'अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा अहं' म्हणताना ऐकलंय. देवाने काय समजायचं?

माजघर, पोथी सासऱ्यांची आहे, तेव्हा तिथे 'गोत्रोत्पन्नः' असणार. तुम्ही 'गोत्रोत्पन्ना' म्हणा. पुढचं 'करिष्ये' आहे तसंच, ते बाई-पुरुष दोघांना चालतं. आणि त्यात 'सहकुटुंबानां सहपरिवाराणां' येतं तिथे घाई करू नका. घरातले सगळे त्या दोन शब्दांत बसवायचे असतात.

माजघर

हे कोणीच सांगितलं नव्हतं. पोथी उघडून बघितली, 'नः'च आहे. पेन्सिलीने 'ना' केलं. समासात आता दोन अक्षरं झाली, त्यांचं आणि माझं.

मराठीत पूजा करण्याचा प्रश्न उरतोच, पण आता तो वेगळा दिसतोय. संकल्प मराठीत केला तर?

पळीपंचपात्र

करा. आधी संस्कृतात, मग तेच मराठीत, असं मी हल्ली सगळीकडे करवून घेतो. मराठीत म्हणायची वेळ आली की माणसं लाजतात. 'आयुरारोग्यैश्वर्याभिवृद्ध्यर्थं' बेधडक म्हणणारा गृहस्थ 'आम्हाला पैसा आणि तब्येत दे' म्हणताना अडखळतो.

इंद्रायणी

यावर नाथांचं उत्तर आहेच. संस्कृत देवाने केली, मग प्राकृत काय चोरांपासून झाली?

निःशंक

गुरुजींचा प्रतिसाद आवडला. अर्थ नाही हे माझं म्हणणं मी निदान संकल्पापुरतं मागे घेतो. मंत्रपुष्पांजलीबद्दल कोणी लिहील का? गणपतीत सगळे जीव तोडून म्हणतात आणि मला तरी ती शंभर टक्के पाखरांचं गाणं वाटते.

तळटीप

तीच तर नाही. मंत्रपुष्पांजली म्हणजे चार ठिकाणचे वेचे आहेत. 'यज्ञेन यज्ञमयजन्त' पुरुषसूक्ताचा शेवट. 'राजाधिराजाय प्रसह्यसाहिने' तैत्तिरीय आरण्यकातलं, कुबेराला नमस्कार. 'स्वस्ति साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं' हे ऐतरेय ब्राह्मणातलं, राज्याभिषेकाच्या प्रकरणातलं. राज्याचे इतके प्रकार सांगून समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा व्हावा, इथवर ते जातं. 'एकराळिति' तो हाच. इथेही कानामात्रा यांचा ळ. लोक 'एकराळ' म्हणून थांबतात आणि 'इति' पुढच्या ओळीला चिकटवतात, तसं करू नये. शेवटी मरुत्त राजाची गाथा: त्याच्या घरी मरुत वाढपी होते आणि विश्वेदेव सभासद.

म्हणजे हातात फुलं घेऊन आपण चक्क राज्याभिषेकाचा मजकूर म्हणतो. पूजा संपताना देवाला राजोपचार देतात, छत्र, चामर वगैरे. त्याच्या शेजारी हा मजकूर ठेवून बघा, चपखल बसतो. दधिक्राव्यासारखी नुसत्या नादाची ओढाताण इथे नाही.

निःशंक

वाढपी मरुत हे विशेष आवडलं. यंदा 'सभासद इति' म्हणताना हसू आवरावं लागणार.

कानामात्रा

अवांतर: मनात जप करणाऱ्यांसाठी. मनुस्मृतीत मोठ्याने, ओठांतल्या ओठांत आणि मनात अशी जपाची चढती भाजणी आहे, मानस जप सर्वांत वरचा. योगसूत्रांत जपाच्या जोडीला लगेच 'तदर्थभावनम्' सांगितलंय, म्हणजे अर्थ मनात धरणं. पण नवीन मंत्र मनात सुरू करू नये. आधी मोठ्याने म्हणून कोणाकडून तरी तपासून घ्यावा. मनात म्हटलेली चूक कोणालाच ऐकू येत नाही आणि ती तशीच पक्की होते.

सातासमुद्रापार

गुरुजी, संकल्पाबद्दल एक शंका. आमच्या पोथीत 'दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे' आहे. मी बसलोय अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर. काय म्हणू?

पळीपंचपात्र

जिथे आहात ते म्हणा. तुमच्या जवळची नदी, तुमचं गाव, तुमचा देश. देशकाल उच्चारायचा तो खरा असावा म्हणूनच. गोदावरीची ओढ असेल तर 'गोदावरीतीरनिवासिनां वंशजः' म्हणून घाला, माझी हरकत नाही. तिथी-नक्षत्र सापडत नसेल तर 'तिथिर्विष्णुस्तथा वारो नक्षत्रं विष्णुरेव च' हा श्लोक म्हणायचा. पंचांग हाताशी नसलेल्यांची सोय जुन्यांनी करून ठेवलीय. संवत्सराचं नाव मात्र घाला, ते वर्षभर एकच असतं. शके १९४७ ला विश्वावसु, १९४८ ला पराभव. पाडव्याला बदलायचं, लोक विसरतात आणि वर्षानुवर्षं जुनंच म्हणत राहतात.

सातासमुद्रापार

देवासमोर बसून 'पराभवनाम संवत्सरे' म्हणायचं? घरात मुलांच्या परीक्षा आहेत हो.

पळीपंचपात्र

म्हणायचं. साठ नावांच्या चक्रातलं ते चाळिसावं. त्यात क्रोधी येतो, दुर्मुखही येतो. ते वर्षाचं नाव आहे, मागणं नव्हे. मागणं त्याच्या पुढे आहे, 'मम आत्मनः'पासून. परीक्षांचं तिथे मराठीत घाला.